कुकीज पुसून मिळतील

गोष्टी साठवायच्या म्हणून कुणी साठवत नाही. पंख्याच्या पात्यावर धूळ बसते तशा त्या आमच्या दुकानात आपोआप बसतात. कधीतरी मान वर करून बघावं, तर केवढा तरी थर!

मिरजेत स्टेशन आणि दवाखान्यांच्या मधल्या रस्त्यावर आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि नितीनचं. नितीन माधवनगरचा, माझ्या नवऱ्याचा वर्गमित्र. स्क्रू काढायचे ते त्यानं, आतल्या प्रोग्रॅमचं बघायचं ते मी. गिऱ्हाईक येतं ते "मॅडम, स्लो झालाय" म्हणत. मी ब्राउझर उघडते, साफसफाई करते, आणि तेवढ्या वेळात ते समोरच्या खुर्चीत बसून घरातलं सगळं सांगून मोकळं होतं. पुढच्या किश्शांमधली नावं मी बदलली आहेत. माणसं मात्र तीच आहेत.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "ही कुकी काय भानगड आहे?" त्यात अंडं असतं का, हा विनोद करून झाल्यावर प्रत्येक जण हेच विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना? परत येऊन बिल्ला दाखवला की तुमच्या चपला तुम्हाला. वेबसाइटसुद्धा तुमच्या ब्राउझरच्या खिशात असाच एक बिल्ला टाकते. पुढच्या वेळी तो बघते आणि म्हणते, या, ओळखलं. इथवर सोय झाली. पण त्याच पानावर जाहिरातवालेही बसलेले असतात. तेही गुपचूप आपापला बिल्ला तुमच्या खिशात सोडतात. मग तुम्ही कुठल्या दुकानात काय हाताळलंत, हे त्यांना पुढच्या प्रत्येक दुकानात कळतं.

यावर उपाय म्हणजे ॲड-ऑन. ब्राउझरला जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम. तुम्ही साइट बंद केली की तो तिचे बिल्ले काढून फेकतो, आणि तुम्ही सांगाल तेवढ्यांचेच ठेवतो. शास्त्र एवढंच. बाकी सगळी माणसंच.

*

पलूसकडचे एक सुभेदार आहेत, निवृत्त. हंबीरराव आप्पा. त्यांच्या भाच्यानं त्यांना असंच एक ॲड-ऑन बसवून दिलं आणि सांगितलं, "मामा, कुकीज पाळत ठेवत्यात." बस, आप्पांना तेवढं पुरलं. रोज सकाळी अंघोळ झाली की कॉम्प्युटर लावायचा आणि 'सगळं पुसा'चं बटण दाबायचं. रायफल साफ केल्यासारखं, न चुकता.

काही आठवड्यांनी त्यांच्या पत्नी कमलकाकू स्वतः आमच्या दुकानात आल्या. मागून आप्पा, हातात कॉम्प्युटरचा डबा.

"आवं मॅडम, ह्ये यंत्र बिघडलंय का ह्ये बिघडल्यात, तेवढं बघून सांगा," काकू म्हणाल्या.

झालं होतं असं. रोज सगळं पुसल्यामुळे बँक रोज आप्पांना नव्यानं ओळख विचारायची. पेन्शनची साइटही विचारायची. ओळख पटवायला मोबाइलवर ओटीपी यायचा. आप्पांना स्वतःचा फोन बंद करून कपाटात ठेवायची सवय, म्हणून सगळीकडे नंबर काकूंचा दिलेला. आणि काकू त्या वेळेला गोठ्यात धार काढत असायच्या.

"ह्येंनी रोज सकाळी वळख पुसायची, आन् मी म्हशीखालनं उठून ती पटवायची. म्हस बी आता दूध चोराया लागलीया."

मी आप्पांना ॲड-ऑनमधली यादी दाखवली. ज्या साइट तुमच्या रोजच्या आणि भरवशाच्या, त्या या यादीत घालायच्या. त्यांची ओळख तो पुसत नाही. बाकीचे बिल्ले आपोआप जातात, बटण दाबायचीसुद्धा गरज नाही.

आप्पांना एकदम पटलं. "म्हंजी गेटवर पहारा ठेवायचा, पर घरच्यांला पास द्याचा."

"बरोबर."

"आन् मी घरच्यांला बी रोज भाईर काढत हुतो व्हय?"

काकू डबा उचलत म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं ती सवय हाय त्येंची. तुमी मनाला लावून घिऊ नका."

*

सतारी बनवणारे रफीकचाचा आमचे शेजारीच म्हणायचे, एक गल्ली सोडून. भोपळा कुठला, लाकूड कसलं, हे विचारणाऱ्या मेल त्यांना लांबून येतात, म्हणून कारखान्यात कॉम्प्युटर आहे. माणूस कमालीचा अदबशीर. तंबोऱ्याची तार ताणतानासुद्धा तिची परवानगी घेत असावेत असं वाटतं.

त्यांचा कॉम्प्युटर उघडला तर जाहिरातींचा बाजार भरलेला. उजव्या कोपऱ्यातून दर मिनिटाला एक पाटी वर यायची. कुणी ज्योतिष सांगतंय, कुणी वजन उतरवतंय.

"चाचा, साइट उघडली की ती विचारते ना, कुकीज स्वीकारता का, नोटिफिकेशन पाठवू का? तुम्ही काय दाबता?"

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"आता दारात येऊन एवढ्या अदबीनं कुणी इजाजत मागतंय, तर नाही कसं म्हणायचं मॅडम? आपल्या तोंडातनं निघत नाही."

मी त्यांना म्हटलं, असं एक ॲड-ऑन आहे, ते बहुतेक साइटना परस्पर 'नाही' सांगून मोकळं होतं. तुम्हाला ती विचारणारी पाटी दिसणारसुद्धा नाही.

चाचांनी बराच विचार केला. मग विचारलं, "ते नाही म्हणतंय, ते माझ्या नावानं म्हणतंय का स्वतःच्या?"

"स्वतःच्या," मी म्हटलं.

"मग बसवा."

*

सांगलीला कोर्टाच्या बाजूला बसणारे एक वकील आहेत. त्यांना नुसतं साहेब म्हणू. अशिलानं आणलेला कागद ते स्वल्पविरामासकट वाचतात. "न वाचता सही करणाऱ्याला मी दारात उभं करत नाही," हे त्यांचं वाक्य जिल्ह्यात प्रसिद्ध आहे.

एका सकाळी साहेबांच्या अशिलांना साहेबांच्याच पत्त्यावरून मेल गेल्या. तुमच्या दाव्यात तातडीची अडचण आहे, खालची लिंक उघडा. एका म्हाताऱ्या बाईंची वाटणीची केस चालू होती. त्या एवढ्या घाबरल्या की चप्पल न घालता रिक्षात बसून आल्या. साहेबांनी ताबडतोब पासवर्ड बदलला. दुपारी पुन्हा मेल गेल्या. पुन्हा बदलला. संध्याकाळी परत तेच. साहेब स्वतः लॅपटॉप घेऊन, गाडी काढून मिरजेला आले. शर्टाची कॉलर घामानं भिजलेली होती.

मला पाच मिनिटांत सापडलं. साहेबांनी कुकीज सांभाळणारं म्हणून एक ॲड-ऑन घेतलं होतं. चांगल्या ॲड-ऑनच्या नावाशी मिळतंजुळतं नाव, चित्रही जवळपास तेच. ते बिल्ले सांभाळत होतं हे खरं, पण दुसऱ्यासाठी! पासवर्डची त्याला गरजच नव्हती. मेलमध्ये शिरल्याचा बिल्ला हातात असला की झालं, मेलवाल्यांना ते साहेबच वाटायचं. पासवर्ड बदलून साहेब नव्यानं आत शिरले की नवा बिल्लाही त्याच्याच हातात.

आधी ते ॲड-ऑन काढलं. मग सगळ्या उपकरणांवरून मेल बंद केली. मग पासवर्ड बदलला, तोही या मशीनवरून नाही, माझ्या. क्रम महत्त्वाचा असतो, घर झाडल्याशिवाय कुलूप बदलून उपयोग नाही. साहेबांनी दुकानातूनच एकेका अशिलाला फोन लावले. म्हाताऱ्या बाईंना पहिला.

सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे आत आलंच कसं?"

"तुम्ही घेतलंत, साहेब. आणि घेताना त्यानं विचारलं होतं."

मी ती चौकट काढून दाखवली. 'सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे.' चांगली ॲड-ऑनसुद्धा बऱ्याचदा हेच मागतात, हे मी त्यांना सांगितलं. म्हणूनच बनवणारा कोण, किती जुना, लोक त्याच्याबद्दल काय लिहितात, हे बघूनच होय म्हणायचं.

साहेबांनी चष्मा चढवला. ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मसुदा निर्दोष आहे. ह्या माणसाविरुद्ध मी केस घेणार नाही."

*

शीतलशेठ हळदीचे व्यापारी, सांगलीचे. आमच्याकडे शीतल हे पुरुषाचं नाव असतं, विशेषतः जैन घरांत. शेठ आणि पद्माताई, दोघंच घरात. मुलं शिकायला बाहेर. हॉलमध्ये एक कॉम्प्युटर, त्याच्यावर शेठ हळदीचे भाव बघतात आणि पद्माताई प्रवचनं ऐकतात.

आधी पद्माताई आल्या. "मॅडम, आमच्या कॉम्प्युटरवर प्रवचन लावलं की बाजूला सारखी होडी दिसतीया. होडीत पलंग. हे काय प्रकरण?"

मी विचारलं, घरात कुणी केरळची हाऊसबोट बघितली का? पद्माताईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला विचारल्याचं समाधान वाटलं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आला होता. शेठनी आयुष्यात घरी न सांगता काही केलेलं नव्हतं. आता करत होते.

"पुसून देऊ का?" मी विचारलं.

"नको, राहू दे. पण एक घोळ हाय. त्या होडीवर जी तारीख दिसतीया ती दशलक्षण पर्वातली हाय. त्या दिवसांत माझे उपास. आणि तिथं कांदा-बटाटा सोडून काय मिळणार? सांगावं तर त्यांचा सगळा बेत मोडला."

त्या तशाच विचार करत निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात शेठ आले. चेहऱ्यावर आश्चर्य मावत नव्हतं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, एक विचारू? कॉम्प्युटरला आपला धर्म कसा कळतो हो?"

"म्हणजे?"

"मी नुसत्या होड्या बघत होतो. चार दिवसांनी त्यानं आपण होऊन दाखवलं, केरळात जैन जेवण कुठं मिळतंय. मग दशलक्षणाच्या पूजेचं साहित्य दाखवलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आरं, तारीख चुकली. बदलली लगेच. लय हुशार यंत्र हाय. पण आता भीती ही की पद्माला असलं काय दिसायला नको. काहीतरी बसवा."

मी ॲड-ऑन बसवलं. काय करणार? गिऱ्हाईक मागतंय ते द्यायचं.

दोघं जाऊन आले. परत आल्यावर पेढे घेऊन दुकानात हजर. शेठ पुढं, पद्माताई नितीनशी बोलत मागं. शेठ माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तुमचं ॲड-ऑन भारी निघालं. शेवटपर्यंत तिला पत्ता लागला नाही."

त्यांच्या खांद्यावरून मी बघितलं. पद्माताईंनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

*

माझं माहेर साताऱ्याचं. तिथं माझ्या भावाचे एक मित्र आहेत, देशमाने सर. साताऱ्यापासून जवळच्या एका गावात मुख्याध्यापक. शिस्तीचे. शाळेत त्यांना कुणी हसताना पाहिलेलं नाही. आणि हा गृहस्थ 'वाटसरू' या टोपणनावानं इंटरनेटवर गझला लिहितो, हे घरच्यांपलीकडे फक्त माझ्या भावाला माहीत होतं.

सर शाळेचं पान चालवायचे, तेही त्याच ब्राउझरमधून. शाळेच्या खात्यातून बाहेर पडायचं, वाटसरूच्या खात्यात शिरायचं, गझल टाकायची, परत शाळेच्या खात्यात. एकदा व्हायचं ते झालं. बाहेर पडायचं राहिलं. जिथं 'उद्या दुसऱ्या घटक चाचणीचं वेळापत्रक लावण्यात येईल' अशी सूचना होती, तिच्यावर शाळेच्या बोधचिन्हासह ओळी झळकल्या:

'तुझ्याविना ही जागा रिकामीच आहे,
कुणी काही म्हणो, मी उभा दाराशीच आहे.'

सरांना हे कळलं तेव्हा ते वर्गावर होते. एका बाईंनी खिडकीतून मोबाइल दाखवला. ते ऑफिसात येऊन खुर्चीत बसले आणि, भावाच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांनी मनात राजीनाम्याची पहिली ओळसुद्धा तयार केली. तेवढ्यात फोन वाजला. एका पालकाचा.

ऊसतोडीचे दिवस होते. बऱ्याच मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरीच राहत होत्या. हजेरी पार उतरली होती. सरांनी सूचना काढल्या, घरोघर निरोप धाडले, उपयोग शून्य.

पालक म्हणाले, "सर, वाचलं आमी. दोगी पोरी उद्यापासनं येत्याल. आमचं चुकलं. पर तुमी आसं दारात उभं ऱ्हाऊ नका, ऊन लय हाय."

त्यानंतर असे आणखी फोन आले. दुसऱ्या दिवशी वर्ग भरले. केंद्रप्रमुखांनी अभिनंदन केलं.

सर रविवारी लॅपटॉप घेऊन थेट मिरजेला आले. मी त्यांना कप्प्यांचं ॲड-ऑन लावून दिलं. त्यात एकाच ब्राउझरमध्ये वेगवेगळे रंगीत कप्पे होतात. एका कप्प्यातल्या कुकीज दुसऱ्याला दिसत नाहीत, त्यामुळे दोन खाती शेजारी शेजारी उघडी ठेवता येतात. निळा कप्पा शाळेचा, केशरी वाटसरूचा. रंग बघायचा आणि मगच लिहायचं.

सर सुटकेचा श्वास सोडून गेले. उन्हाळ्याच्या आधी त्यांचा फोन आला.

"ताई, कप्पे उत्तम चालले आहेत. एकही चूक नाही."

"मग छान."

"हजेरी पुन्हा उतरलीय," सर म्हणाले. "केशरीतलं निळ्यात कसं टाकायचं, तेवढं सांगता का?"

*

कप्प्यांवरून सावंतकाका आठवले. रेल्वेतून निवृत्त झालेले, इथं मिरजेतच राहतात. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी प्राजक्ता एका लॅबमध्ये काम करते. काकांनी ठरवलं, मुलीचं नाव लग्नाच्या साइटवर घालायचं. तिला पुण्याचा, चांगल्या नोकरीचा मुलगा बघायचा. तिनं इथं अडकून पडू नये.

त्यांनी घरचा कॉम्प्युटर लावून साइट उघडली. साइट म्हणाली, 'नमस्कार, प्राजक्ता.'

तिनं आधीच नाव घातलं होतं. बाहेर पडायला विसरली होती, आणि बिल्ला ब्राउझरमध्ये तसाच होता. काकांनी ते पान बंद करायला हवं होतं. तसं त्यांनी मला स्वतःच सांगितलं. पण 'अपेक्षा' लिहिलेल्या जागेवर त्यांची नजर पडली. तिथं तिनं लिहिलं होतं, 'मुलगा मिरज-सांगलीतलाच हवा. बाबा एकटे आहेत.'

काका दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शटर उघडत असतानाच आले. चहा घेतला नाही.

"मॅडम, मी वाचलं हे तिला कळायला नको. पुसता येईल?"

"तुम्ही ते पान उघडलंत ती नोंद पुसता येईल. पण कुकी पुसली तर ती लॉग-आउट होईल, मग तिला शंका येईल. ते आहे तसं राहू द्या."

ते मान हलवत बसून राहिले. नितीन कधी नव्हे तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून ऐकत होता. मग काकांनी विचारलं, "तिचं न उघडता, त्याच साइटवर दुसऱ्या कुणाचं नाव घालता येतं का?"

"येतं. वेगळा कप्पा करून देते. कुणाचं घालायचंय?"

"माझं," काका म्हणाले. "मी एकटा नसलो की ती जाईल पुण्याला."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. मी कप्पा केला, करडा रंग दिला, नाव घातलं, वय घातलं. मग कर्सर त्या जागेवर येऊन थांबला.

"काका, अपेक्षा काय लिहू?"

"लिहा," ते म्हणाले, "मुलीची समजूत घालता आली पाहिजे."

*

आणि एक अमर. हा फौजी, हुद्दा नाईक. सासर माधवनगरचं. सुट्टीवर आला होता, आणि दोन दिवसांनी परत युनिटला जाणार होता. बायकोचा लॅपटॉप घेऊन आला. बायको स्नेहल घरूनच मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेते.

"मॅडम, ह्याच्यावर बाळाच्या जाहिराती येत्यात. पाळणे, झबली. त्या बंद करा."

"सगळ्याच जाहिराती कमी करता येतील," मी म्हटलं.

"बाकीच्या चालतील. बाळाच्या तेवढ्या नको." आणि मग टेबलाकडे बघत म्हणाला, "आमी ह्या सुट्टीला बाळंतपणासाठी आलो हुतो."

नितीननं दुकानातला रेडिओ बंद केला.

"ती बोलत काहीच न्हाई," अमर म्हणाला. "शिकवणीला बसायचं म्हणून लॅपटॉप उघडती, पोरांची वाट बघती, तेवढ्यात बाजूला काहीतरी येतं. मग मिटून ठेवती. मी जाईन परवा. मी आसताना मी तरी पुढं हुतो. मी गेल्यावर मागं कोण हाय?"

असं काम मी घाईनं करत नाही. नुसत्या कुकीज पुसून ते थांबत नाही, हे मला ठाऊक होतं. आधी सगळ्या पुसल्या. मग ॲड-ऑन बसवलं, साइट बंद झाली की तिचे बिल्ले जातील असं. शिकवणीची साइट आणि तिची मेल यादीत ठेवली, म्हणजे तिला रोज नव्यानं आत शिरावं लागू नये. मग तिच्या खात्यातलं जाहिरातींचं सेटिंग. तिथं बाळ आणि पालकत्व हा विषय कमी करायची सोय असते. त्यासाठी तिचा पासवर्ड लागला तेव्हा अमर बाहेर जाऊन फोनवर बोलून आला, काय सांगितलं कुणास ठाऊक. मग मेल. एका ॲपकडून तिला दर आठवड्याला पत्र यायचं, बाळ आता एवढं मोठं झालं असेल म्हणून. ते अजूनही येत होतं. ते बंद केलं. आलेली पत्रं पुसायची का, हे मी त्याला विचारलं.

तो म्हणाला, "ती तिची हायती. ऱ्हाऊ देत."

मी ती मेलमधल्याच एका वेगळ्या कप्प्यात हलवून ठेवली. शोधली तर सापडतील अशी, आपण होऊन समोर येणार नाहीत अशी.

सगळं झाल्यावर लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. तो लगेच उठला नाही. एकेक साइट उघडून स्वतः तपासत बसला. बातम्या उघडल्या. हवामान उघडलं. भाज्यांच्या पाककृती उघडल्या. प्रत्येक पान खालपर्यंत सरकवून बघायचा, श्वास धरून. एका पानावर जाहिरात आली. ट्रॅक्टरच्या टायरची होती.

"टायर चालंल," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकवून बसला.

तो गेला. पुढं सीमेवरून एकदा त्याचा मेसेज आला, शिकवणी नीट चाललीय म्हणून. एवढंच. त्यानंतर बराच काळ काही कळलं नाही. आमच्याकडे तसं काही कळावं अशी अपेक्षाही नसते.

मग एका दुपारी स्नेहल आली. मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं, लॅपटॉपवरून ओळखलं. झाकणावर तोच चांदणीचा स्टिकर होता. उन्हातून चालत आली होती, नितीननं पाणी दिलं. तिनं थोडं थोडं करून सगळं प्यायलं.

"मॅडम, ह्यांनी तुमच्याकडनंच काहीतरी बसवून घेतलं हुतं ना ह्यात?"

"हो. काही त्रास देतंय का?"

"त्रास न्हाई. पण एका दुकानाच्या साइटवर मी काहीतरी बघून बाजूला ठेवते. साइट बंद करून दुसऱ्या दिवशी बघावं, तर पिशवी रिकामी. परत शोधायचं, परत ठेवायचं. रोज पुसतंय ते."

"ते बंद करू का? सगळंच काढून टाकू?"

"नको," ती पटकन म्हणाली. "ते आसू दे. तेवढी एक साइट त्याला ओळखू दे."

मी ॲड-ऑन उघडलं, यादी काढली. तिनं साइटचं नाव सांगितलं. हळू आवाजात, मला दोनदा विचारावं लागलं. झबल्या-टोपड्यांचं दुकान होतं. मी ते टाइप केलं आणि यादीत जोडलं. ती माझ्या बोटांकडे बघत होती.

"आणखी कुठली घालायची? एकदाच करून देते," मी विचारलं.

तिनं मान हलवली.

"एकच. बाकीच्यांना एवढ्यात सांगायचं न्हाई."